पिकअप वाहनातील क्लच अडकणे

क्लच अडकणे हा हाताने गिअर बदलाव्या लागणाऱ्या मोटार वाहनांत आढळणारा एक यांत्रिक दोष होय. या दोषात पेडल पूर्ण दाबूनही इंजिन व गिअरबॉक्स यांचा संबंध पुरता तुटत नाही, पेडल दाबलेल्या जागीच राहते किंवा पेडल सोडल्यानंतर क्लच वेळेवर जोडला जात नाही. महाराष्ट्राच्या वऱ्हाड भागातील अमरावती व अकोला या जिल्ह्यांत संत्री, कापूस, तूर, सोयाबीन व भाजीपाला यांच्या वाहतुकीसाठी पिकअप प्रकारची वाहने मोठ्या प्रमाणावर वापरली जातात. जड माल, चिखलाचे शेतरस्ते, उन्हाळ्यातील तीव्र उष्णता आणि मेळघाटातील चढ यांमुळे या वाहनांच्या क्लचवर विशेष ताण पडतो.

या दोषाच्या निदानात मूळ प्रश्न एकच असतो : चालकाच्या पायाने दिलेली चाल पेडलपासून प्रेशर प्लेटपर्यंत पोहोचते काय, आणि पोहोचत नसल्यास ती वाटेत कोठे हरवते? या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा गिअरबॉक्स न उतरवता, बाहेरूनच मिळू शकते.

== रचना व कार्य ==

पिकअप वाहनांत सामान्यतः एका प्लेटचा कोरडा क्लच असतो. इंजिनाच्या क्रँकशाफ्टला फ्लायव्हील हे जड चाक जोडलेले असते. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. क्लच प्लेटच्या दोन्ही बाजूंना घर्षण निर्माण करणारे अस्तर असते आणि तिच्या मध्यभागी खाचा असलेला हब असतो. हा हब गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवरील खाचांत बसतो व त्यांवरून मागे-पुढे सरकू शकतो. प्रेशर प्लेटवर दाब देण्याचे काम डायफ्रॅम स्प्रिंग करते. ही बशीच्या आकाराची स्प्रिंग असून तिच्या मध्यभागी बोटांसारख्या पट्ट्या असतात.

पेडल दाबल्यावर क्लच फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग डायफ्रॅमच्या पट्ट्या दाबते आणि प्रेशर प्लेट मागे सरकते. क्लच प्लेट मोकळी झाली की इंजिन फिरत असतानाही इनपुट शाफ्ट थांबू शकतो आणि गिअर बदलता येतो. पेडलची हालचाल फोर्कपर्यंत पोहोचवण्याच्या दोन पद्धती आहेत. केबल पद्धतीत पोलादी तार फोर्क ओढते. द्रवचलित पद्धतीत पेडलजवळील मास्टर सिलिंडर नळीतून द्रव ढकलतो व गिअरबॉक्सजवळील स्लेव्ह सिलिंडरचा दांडा फोर्कला रेटतो. या पद्धतीत ब्रेकसाठी वापरला जाणारा द्रवच वापरतात.

पेडल दहा-पंधरा सेंटिमीटर खाली जाते तेव्हा प्रेशर प्लेट जेमतेम एक-दोन मिलिमीटर सरकते, आणि क्लच प्लेटच्या प्रत्येक बाजूस उरणारी फट त्याहूनही लहान असते. तरफांच्या साहाय्याने लांब चालीचे रूपांतर लहान चालीत व मोठ्या बळात केले जाते. म्हणूनच नळीतील थोडी हवा, झिजलेला बुश किंवा पेडलखाली सरकलेली जाड चटई एवढ्यानेही क्लच अर्धवट जोडलेला राहू शकतो.

== दोषाचे प्रकार ==

‘क्लच अडकतो’ या एकाच तक्रारीत परस्परांहून भिन्न असे तीन दोष येतात. त्यांची कारणे व उपाय वेगळे असल्याने निदानाची सुरुवात त्यांच्यातील भेद ओळखण्यापासून होते.

* क्लच न सुटणे : पेडल दाबूनही इंजिनाची गती गिअरबॉक्सपर्यंत पोहोचत राहते. पहिला व रिव्हर्स गिअर करकरतो, पेडल दाबलेले असताना गाडी पुढे सरकू पाहते, थांबताना इंजिन बंद पडते. ‘क्लच सोडत नाही’ असे याचे वर्णन केले जाते.
* पेडल अडकणे : पेडल खाली गेल्यावर वर येत नाही किंवा सावकाश येते. ‘पेडल बसले’ हा यासाठीचा प्रचलित शब्दप्रयोग आहे.
* क्लच उशिरा किंवा अपुरा जोडला जाणे : पेडल वर येते, परंतु प्रेशर प्लेटवरील दाब पूर्ण परत येत नाही. इंजिनाचा आवाज चढतो, गाडीचा वेग मात्र त्या प्रमाणात वाढत नाही आणि जळकट वास येतो.

तिसऱ्या प्रकाराचे लक्षण झिजलेल्या क्लच प्लेटच्या घसरण्यासारखेच असते. मात्र त्याचे कारण नळीत अडकून राहिलेला दाब हेही असू शकते आणि अशा वेळी नवी प्लेट बसवूनही दोष जात नाही.

== वऱ्हाडातील वापराची परिस्थिती ==

या भागात महिंद्रा बोलेरो पिकअप, अशोक लेलँड दोस्त तसेच २००५ साली बाजारात आलेली व ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखली जाणारी टाटा एस यांसारखी वाहने शेतमालासाठी वापरली जातात. वरूड, मोर्शी व चांदूर बाजार या तालुक्यांतील संत्री, तसेच अकोल्याच्या बाजार समितीत येणारी तूर व इतर कडधान्ये ही त्यांच्या वाहतुकीची ठळक उदाहरणे होत. आंबिया बहाराची संत्री साधारणतः ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात निघतात. कापसाची वेचणीही याच सुमारास चालू असते. त्यामुळे वाहनांवरचा भार वर्षभर सारखा नसून काही महिन्यांत एकवटतो. नाशवंत माल भरलेली गाडी बंद पडल्यास दुरुस्तीच्या खर्चाबरोबर मालाचेही नुकसान होते.

क्लचवर ताण आणणारे स्थानिक घटक पुढीलप्रमाणे आहेत.

काळी माती व पांदण रस्ते : पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळी माती पावसात चिकट होते. चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढताना चालक पेडल अर्धवट दाबून इंजिनाची गती वाढवतो. यास ‘हाफ क्लच’ म्हणतात. या स्थितीत प्लेट सतत घासत राहते, फार तापते व वाकू शकते. वाकलेली प्लेट पुढे फ्लायव्हीलपासून पूर्ण सुटत नाही. कोरड्या ऋतूत याच मातीची बारीक धूळ केबलच्या आवरणात व फोर्कच्या सांध्यांत शिरते.

खारपाणपट्टा : अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यातील भूजल खारट आहे. क्षारयुक्त पाणी धातूच्या भागांवर साचून राहिल्यास गंजण्याची क्रिया वेगाने होते. त्यामुळे अशा पाण्याने धुतल्या जाणाऱ्या वाहनात केबलची टोके, फोर्कचा आधार व स्लेव्ह सिलिंडरचा दांडा यांकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

उष्णता : अकोला येथील मे महिन्यातील कमाल तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जाते. ब्रेकचा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो व ओलाव्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. इंजिन व धूरनळी यांच्या सान्निध्यात तापलेल्या अशा द्रवात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल मऊ लागते आणि चाल कमी पडते. गाडी थंड झाल्यावर दोष नाहीसा होतो. म्हणून सकाळी निर्दोष वाटणारा क्लच दुपारीही तपासणे आवश्यक ठरते.

घाटरस्ते : परतवाडा परिसरातून समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्याकडे जाणाऱ्या मार्गावर वळणे व सलग चढ आहेत. चढावर ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलून धरण्याची सवय क्लच प्लेटला विशेष घातक असते. याउलट बडनेरा, मूर्तिजापूर व बोरगाव मंजू यांवरून जाणाऱ्या अमरावती–अकोला महामार्गावर गिअर कमी वेळा बदलावे लागत असल्याने प्रारंभिक अवस्थेतील दोष लक्षात येत नाही. तो गाडी गावात किंवा बाजारात शिरल्यावर प्रकट होतो.

== निदानाचा क्रम ==

निदान बाहेरून आत आणि सोप्याकडून अवघडाकडे या क्रमाने करतात. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा व चाकांना उटी द्यावी.

=== प्राथमिक पाहणी ===

प्रथम पेडलखालची चटई व इतर वस्तू काढून पेडल पूर्ण खाली जाते काय ते पाहावे. पेडलची परतीची स्प्रिंग, त्याचा बुश व पेडल ज्या पट्टीवर बसवलेले असते ती पट्टी तपासावी. पट्टीला तडा गेला असल्यास पेडल दाबताना ती स्वतःच वाकते व चाल वाया जाते. पेडल हाताने हलवून त्याची मोकळी चाल मोजावी. सुरुवातीस काहीच प्रतिकार न जाणवता पेडल जितके खाली जाते तिला मोकळी चाल म्हणतात. ती गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापापेक्षा जास्त असल्यास क्लच सुटत नाही, अगदीच नसल्यास तो घसरू शकतो.

=== इंजिन बंद व चालू ठेवून तुलना ===

इंजिन बंद ठेवून सर्व गिअर टाकून पाहावेत. एखादा गिअर दात समोरासमोर आल्यामुळे पडत नसेल, तर गाडी किंचित ढकलून पुन्हा प्रयत्न करावा. त्यानंतर इंजिन चालू करून, पेडल पूर्ण दाबून तीच कृती करावी. इंजिन बंद असताना गिअर सहज पडत असतील आणि चालू असताना अडत असतील, तर दोष क्लचकडे निर्देश करतो. दोन्ही वेळा सारखीच अडचण येत असेल, तर गिअरचा दांडा, त्याच्या जोडण्या किंवा खुद्द गिअरबॉक्स तपासावा लागतो.

=== रिव्हर्स गिअरची चाचणी ===

अनेक गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स गिअरला गती जुळवणारी सिंक्रोनायझर यंत्रणा नसते, त्यामुळे क्लचमधील थोडासा दोषही या गिअरमध्ये जाणवतो. इंजिन मंद गतीवर असताना पेडल पूर्ण दाबून काही सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स गिअर टाकावा. पेडल दाबताक्षणी गिअर टाकल्यास निर्दोष गाडीतही करकर होऊ शकते, कारण मोकळा झालेला इनपुट शाफ्ट थांबण्यास थोडा वेळ घेतो. आठ-दहा सेकंद थांबूनही करकर होत असल्यास शाफ्ट अजून फिरवला जात आहे, म्हणजेच क्लच सुटलेला नाही, असा निष्कर्ष निघतो.

=== चालीची पाहणी ===

ही निदानातील निर्णायक पायरी होय. इंजिन बंद असताना एका व्यक्तीने पेडल सावकाश पूर्ण दाबावे व दुसरीने फोर्कचे बाहेरचे टोक, तसेच स्लेव्ह सिलिंडरचा दांडा किंवा केबलचे टोक किती सरकते ते पाहावे.

* फोर्कचे टोक पुस्तिकेतील मापाइतके सरकत नसेल, तर चाल बाहेरच हरवत आहे. दोष पेडल, केबल, सिलिंडर अथवा नळी यांत आहे. गिअरबॉक्स उतरवण्याची गरज नाही.
* फोर्कचे टोक पुरेसे सरकत असूनही क्लच सुटत नसेल, तर दोष आत आहे. वाकलेला फोर्क, खराब प्लेट, डायफ्रॅम किंवा बेअरिंग यांचा संशय घ्यावा.

=== द्रवचलित पद्धतीतील तपासण्या ===

पेडल दोन-तीन वेळा लागोपाठ दाबल्यावर क्लच सुटू लागला, तर नळीत हवा असणे किंवा मास्टर सिलिंडरचे रबरी सील झिजणे संभवते. टाकीतील द्रव कमी झाला असल्यास गळती शोधावी. मास्टर सिलिंडरची गळती पेडलच्या वरच्या भागात आतून ओघळताना दिसते, तर स्लेव्ह सिलिंडरची गळती त्याच्या रबरी टोपणाखाली ओल्या मातीच्या थराच्या रूपाने आढळते. बाहेर गळती नसूनही दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जात असेल, तर द्रव मास्टर सिलिंडरच्या सीलवरून आतल्या आत मागे जात असतो.

काही वाहनांत क्लच व ब्रेक यांची द्रवाची टाकी एकच असते. अशा वाहनात क्लचच्या गळतीकडे दुर्लक्ष केल्यास ब्रेकही धोक्यात येऊ शकतो.

पेडल सोडल्यावर क्लच उशिरा जोडला जात असेल, तर स्लेव्ह सिलिंडरवरील हवा काढण्याचा स्क्रू क्षणभर सैल करावा. द्रवाची चिळकांडी उडून क्लच लगेच जोडला गेल्यास दाब नळीत कोंडला होता हे सिद्ध होते. आतून सुजलेली रबरी नळी, मास्टर सिलिंडरमधील बुजलेले परतीचे छिद्र किंवा दांड्याची चुकीची जुळणी ही त्याची कारणे असतात.

=== केबल पद्धतीतील तपासण्या ===

केबल फोर्कपासून सुटी करून आवरणात हाताने पुढे-मागे ओढून पाहावी. ती अडखळत असेल, तर गंज, धूळ किंवा तुटलेल्या तारा हे कारण असते. टोकाजवळ एक-दोन तारा तुटलेल्या दिसल्यास केबल लवकरच पूर्ण तुटण्याची शक्यता असल्याने ती बदलणे इष्ट असते. केबल मोकळी असूनही पेडल जड लागत असल्यास फोर्क व रिलीज बेअरिंगकडे वळावे.

=== आवाजावरून अनुमान ===

गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली, तर ती बहुधा रिलीज बेअरिंगची असते. पेडल वर असताना येणारा आवाज ते दाबल्यावर थांबत असेल, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग संशयास्पद ठरते. गिअर टाकून पेडल दाबलेले असतानाच आवाज येत असेल, तर क्रँकशाफ्टच्या टोकातील पायलट बेअरिंगचा विचार करावा. हे बेअरिंग जाम झाल्यास क्लच प्लेट पूर्ण सुटूनही इनपुट शाफ्ट इंजिनाबरोबर फिरत राहतो व लक्षणे क्लच न सुटण्यासारखीच दिसतात.

== गिअरबॉक्स उतरवल्यानंतरची पाहणी ==

चालीच्या पाहणीतून दोष आत असल्याचे निश्चित झाल्यावरच गिअरबॉक्स उतरवतात. त्या वेळी पुढील बाबी पाहिल्या जातात.

* अस्तरावर तेल किंवा ग्रीस लागले आहे काय? तेल आढळल्यास क्रँकशाफ्टचे मागील किंवा गिअरबॉक्सचे पुढील सीलही बदलावे लागते, अन्यथा नवी प्लेटही खराब होते.
* प्लेट वाकली आहे काय, तिच्या स्प्रिंगा किंवा अस्तराचे तुकडे सुटले आहेत काय?
* हब इनपुट शाफ्टच्या खाचांवरून हाताने सहज सरकतो काय? खाचा गंजल्या असल्यास प्लेट मागे सरकत नाही.
* डायफ्रॅमच्या पट्ट्यांची टोके एका पातळीत आहेत काय?
* फ्लायव्हीलवर निळसर डाग, भेगा किंवा खड्डे आहेत काय? निळसर डाग अतिउष्णतेचे निदर्शक असतात.

दीर्घकाळ दमट जागी उभ्या राहिलेल्या गाडीत अस्तर गंजामुळे फ्लायव्हीलला चिकटून बसते. पावसाळाभर न वापरलेली गाडी पुन्हा सुरू करताना अचानक क्लच सुटत नसेल व फोर्कची चाल पूर्ण असेल, तर हे कारण प्रथम विचारात घेतात.

== निदानातील नेहमीच्या चुका ==

सर्वांत खर्चिक चूक म्हणजे चाल न पाहताच क्लच प्लेट, प्रेशर प्लेट व बेअरिंग यांचा पूर्ण संच बदलणे. मूळ दोष झिजलेल्या सीलचा असल्यास मोठा खर्च करूनही लक्षण कायम राहते. दुसरी चूक म्हणजे टाकीत ब्रेकच्या द्रवाऐवजी इंजिन ऑइल किंवा दुसरे खनिज तेल घालणे. खनिज तेलाने या यंत्रणेतील रबरी सील फुगतात आणि दोन्ही सिलिंडर व नळी निकामी होऊ शकतात. तिसरी चूक जोडणीच्या वेळी होते : प्लेट उलटी बसवल्यास किंवा खाचांवर जास्त ग्रीस लावल्यास नवा क्लचही सुटत नाही. दुरुस्तीनंतर लगेच दिसणारा दोष बहुधा जोडणीचाच असतो.

== सुरक्षितता ==

क्लच सुटत नसलेली गाडी गिअरमध्ये असताना सुरू केल्यास ती एकदम पुढे किंवा मागे उसळते. त्यामुळे सुरू करण्यापूर्वी गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करावी आणि चाचणीच्या वेळी गाडीच्या पुढे व मागे कोणासही उभे राहू देऊ नये. गाडीखाली काम करताना केवळ जॅकवर विसंबून न राहता पक्के आधार लावावेत.

घाटात दोष उद्भवल्यास गाडी न्यूट्रलमध्ये उतारावरून सोडणे धोकादायक असते, कारण इंजिनाचा रोध नाहीसा होऊन संपूर्ण भार ब्रेकवर येतो. गाडी आहे त्या खालच्या गिअरमध्येच ठेवून रुंद व सुरक्षित जागी थांबवावी.

जुन्या क्लचच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस वापरले जात असे. त्याच्या धुळीमुळे फुप्फुसांचे गंभीर आजार व कर्करोग होतो. अस्तर कोणत्या पदार्थाचे आहे हे पाहून ओळखता येत नसल्याने क्लचच्या पोकळीतील धूळ हवेच्या झोताने किंवा कोरड्या ब्रशने उडवू नये. ती ओल्या कापडाने पुसून घ्यावी. ब्रेकचा द्रव त्वचेस, डोळ्यांस व गाडीच्या रंगास अपायकारक आहे.

== प्रतिबंध ==

गाडी चालवताना पेडलवर पाय टेकवून न ठेवणे, चढावर हँडब्रेकचा आधार घेऊन निघणे, ठरवून दिलेल्या क्षमतेपेक्षा अधिक माल न भरणे आणि रुतलेल्या गाडीतील भार कमी करून अथवा चाकांखाली दगड-फळ्या घालून ती काढणे, या सवयींमुळे क्लचचे आयुष्य वाढते. द्रव पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीनुसार बदलावा. अनेक वाहनांत ही मुदत दोन वर्षांच्या आसपास असते. संत्री व कापसाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी मोकळी चाल, द्रवाची पातळी व फोर्कची हालचाल या तीन गोष्टी तपासून घेतल्यास बाहेरून दिसणारे बहुतेक दोष भरलेली गाडी वाटेत उभी राहण्याआधीच लक्षात येतात.

== हेसुद्धा पाहा ==

* क्लच
* गिअरबॉक्स
* फ्लायव्हील
* पिकअप ट्रक
* खारपाणपट्टा
* वऱ्हाड